दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा

आधीच सांगतो, सिनेमा काही महान नाही.
शेवटची वीस मिनिटं नुसता अंधार,
कोण कोणाला चावतंय ते कळत नाही,
आणि हिंदी डबिंगमध्ये तो सातशे वर्षांचा व्हॅम्पायर
तहसील कचेरीतल्या बाबूसारखा बोलतो:
"आपकी मृत्यु स्वीकृत की जाती है."

तरी दोनदा पाहिला.
दुसऱ्यांदा नवतपा लागला होता.
अख्खं नागपूर तेव्हा व्हॅम्पायरच असतं:
तोंडाला दुपट्टे, डोळ्यांवर गॉगल,
दिवसभर खिडक्या बंद,
सूर्य बुडाला की हळूच बाहेर.
फरक एवढाच की लसणाला घाबरण्याऐवजी
आम्ही खिशात कांदा ठेवतो.

टॉकीजमध्ये आठ-नऊ माणसं,
त्यातला एक फक्त कूलरखाली झोपायला आलेला.

उईके लांडग्यांच्या बाजूचा.
"लांडगे मेहनती राह्यते बे," तो म्हणतो,
"खाणीत राबते, मार खाते.
अन् हे तुमचे? कॉलर उभी करून फिरते नुसते."
तो बुटीबोरीला फाउंड्रीत रात्रपाळी करतो,
त्याचं बरोबर आहे.
चांदीच्या गोळ्यांवर मात्र आमचं एकमत:
इतवारीत भाव विचारून या म्हणावं,
एक लांडगा मारायचा खर्च
एका लग्नाएवढा.

मी व्हॅम्पायरच्या बाजूचा. का, ते त्याला कधी सांगितलं नाही.
त्यांच्या तळघरात एक फ्रीज आहे,
पिशव्या ओळीनं टांगलेल्या.
कोणीही येतो, दार उघडतो, पितो.
गट विचारत नाही. क्रॉसमॅच नाही.
बदल्यात माणूस आणा, असं कोणी म्हणत नाही.
माझी आई मेडिकलच्या रक्तपेढीसमोर
चिठ्ठी घेऊन उभी असायची,
शेजारच्या गेडाम काकांना, त्यांच्या मेव्हण्याला,
एकदा तर ऑटोवाल्यालाही हात धरून आणलेलं.
तो फ्रीज पाहिला की मला भीती वाटत नाही.
मला हेवा वाटतो.

पण खरा प्रसंग लांडग्यांचाच, हे मान्य करायला हवं.
तो मुलगा बदलतो तेव्हा
बाकी सिनेमांसारखे आधी केस येत नाहीत.
आधी हाडं.
घोटा, गुडघा, मग पाठीत खाली कुठेतरी.
तो ओरडत नाही, स्वतःचा पट्टा दातांत धरतो
आणि भिंतीवरच्या एका खिळ्याकडे बघत राहतो.
कोणी सांगितलं असेल दिग्दर्शकाला
खिळ्याबद्दल?
आमच्या घरात तो खिळा कॅलेंडरचा होता.

सातवीत असताना डॉक्टरबाईंनी
सूक्ष्मदर्शकातून माझं रक्त मला दाखवलं.
गोल, गोल, गोल, आणि मध्येच एक वाकडी पेशी.
"विळ्यासारखी दिसते ना?"
मी हो म्हणालो.
मला बीजेची कोर दिसली होती.

म्हणजे रक्तही मागायचं
आणि चंद्रही आतच बाळगायचा.
मग बाजू कोणती घ्यायची माणसानं?

सिनेमात आहे तशी एक मुलगी, दोन्ही कुळांची,
दोघांनाही नको असलेली.
लेखकानं तिला चार वाक्यं दिलीत,
त्यातली दोन "पळा" आणि "पळा".
माझी खरी तक्रार ही.
ढिशूम कमी चालला असता,
तिला एकदा जेवताना दाखवायला हवं होतं,
ती काय खाते,
दुखलं तर कुणाला उठवते.

बाहेर आलो तेव्हा साडेनऊ,
रस्ता अजून तव्यासारखा.
उईकेनं पाण्याची बाटली पुढे केली.
मी तहान लागली म्हणालो नव्हतो.
गेल्या खेपेलाही त्यानं अशीच दिली होती,
आणि त्याच्या आधीच्याही.
"पी ना बे पुरी. काय पाह्यतं?"

प्यायलो.
तो गाडीला किक मारत म्हणाला,
"दुसरा भाग येऊन राह्यला म्हणते दिवाळीत."
मी म्हणालो, भंगार असेल.
"हाव," तो म्हणाला,
"पहिल्या दिवशीच जाऊ."