पाय टेकल्यास एक

पाय एकदा टेकला, एक.
दोनदा, दोन.
तीनदा टेकला की तीन, आणि मग पुढे
खुशाल वल्हवत या दोन्ही पायांनी बदकासारखे,
तीनच.
थांबलात, पडलात, खुणेबाहेर गेलात, तर पाच.
चार नाहीत. का नाहीत
हे सत्तावीस वर्षांत मी कुणाला विचारलेलं नाही.

सगळीकडे माणसं एकमेकांना बजावतात,
पाय जमिनीवर असू देत.
इथे दंड त्याचाच.

फेब्रुवारीतला रविवार, उत्तर वेल्समधली
पाटीच्या दगडाची बंद पडलेली खाण.
सकाळी मेरिगने ट्रेलरवर उभं राहून वाचून दाखवलं:
दहा टप्पे, चार फेऱ्या.
तांबड्या बाणांची वाट अवघड, पिवळ्यांची सोपी, वाट मध्येच बदलायची नाही.
सोळाच्या आतल्यांसाठी आईची किंवा बापाची सही.
मनगटाला दोरी नसेल तर इंजिन सुरू करू नये.
आणि मेंढ्यांचं फाटक ज्याने उघडलं त्यानेच लावायचं
(हे छापलेलं नाही,
पण क्लबची हकालपट्टी झाली तर ह्याच्यावरूनच होईल).
शंका आली तर निर्णय स्वाराच्या बाजूने.

माझ्याकडे सहावा टप्पा.
ओढा, ओढ्यात शेवाळलेली पायरी,
मग एक खडक, गायीएवढा,
आणि वर चढ.
"आरंभ" ते "अखेर", एवढंच माझं राज्य.
त्याच्या अलीकडेपलीकडे कुणी लोळण घेतली
तरी मला देणंघेणं नाही.
पेन गारठतं म्हणून पेन्सिल.
कार्डाला भोक पाडायचा चिमटा गळ्यात.

एल्वेद एकाहत्तरचा. पावाची गाडी चालवायचा,
आता जुन्या दुहेरी शॉकवाल्या गाड्यांच्या गटात उतरतो.
पहिल्या फेरीत पायरीवर त्याचं मागचं चाक सरकलं,
इंजिनाने घसा खाकरला,
खडकामागे तो क्षणभर दिसेनासा झाला
आणि बाहेर आला तो पायटांवर ताठ उभा.
मी शून्याला भोक पाडलं.

त्याने कार्ड पाहिलं. एक बोट वर केलं.
"टेकला होता. खडकामागे."
"मी पाहिलं नाही."
"मी पाहिलं ना."
"एल्वेद, मी पाहिलं नाही तर टेकला नाही. असा नियम आहे."
"हे बुटाला सांग," म्हणाला, आणि गेला.

भोक काही रफू करता येत नाही.

दुसऱ्या फेरीत त्याचा एक. तिसरीत तीन,
वर एक शिवी, पायरीला उद्देशून.
मध्येच गारा पडल्या. काही मुलं आली, पाच-पाच घेऊन हसत गेली.
डेल्विन नावाची एक पोरगी
पिवळ्या वाटेवरून चारही वेळा स्वच्छ गेली
आणि प्रत्येक वेळी मलाच थँक्यू म्हणाली,
जणू मीच तिचा तोल धरला होता.

चौथ्या फेरीत एल्वेद आला तेव्हा उजेड कमी झाला होता.
पायरी, पाण्यासारखी. खडक, श्वाससुद्धा नाही.
चढ तो असा चढला
की मी मोजायचंच विसरले, नुसती बघत राहिले.
"अखेर"च्या हातभर अलीकडे,
जिथे सपाट आहे, जिथे कुणीच पाय टेकत नाही,
त्याने डावा बूट खाली सोडला
आंघोळीचं पाणी पाहावं तसा,
आणि उचलला.
मग माझ्याकडे पाहिलं.

पाहिलं होतं मी.
एकाला भोक पाडलं.
"आता जमलं," म्हणाला.

परतताना फाटक सताड उघडं होतं.
मी उघडलं नव्हतं. लावलं.

मंगळवारी निकाल आला. एल्वेद दुसरा, एका गुणाने.
तो एक नसता तर बरोबरी.
बरोबरीत ज्याचे स्वच्छ टप्पे जास्त, तो वर.
कुणाचे जास्त होते हे मी पाहिलं नाही.
सहाव्या टप्प्याचे कागद
अजून माझ्याच घरी होते, शेगडीपाशी,
वाळत घातलेले.