बूट दाराबाहेर

छत्तीस वर्षं मी तुला बूट
दाराबाहेरच काढायला लावले, तोर्लाइव्ह.
जाकीट होडीच्या खोपटात,
मोजे बादलीत,
आणि तरी उशीला वास यायचाच
त्या तपकिरी, बुळबुळीत शेवाळाचा
जे तू स्मेलाच्या खडकांवरून ओरबाडून आणायचास,
टनावारी,
आइस्क्रीम दाट करायला, दातांचे साचे घ्यायला,
कुठल्या कुठल्या कारखान्यांसाठी.
"पैशाचा वास आहे हा, गुनवोर."
मी खिडकी उघडायची. जानेवारीतसुद्धा.

मग ऑक्टोबरात, दाताळं अर्धं वर आलेलं असताना
तू डेकवर बसलास.
पोऱ्याने एवढंच सांगितलं:
बसले, आणि उठेनात.
हेलिकॉप्टरला त्रेचाळीस मिनिटं लागली.
तेवढ्यात तुझ्या हृदयाचा
तळहाताएवढाही नसलेला एक तुकडा
मरून गेला.

डॉक्टरीण ओडलाउग, आपल्या धाकटीच्या वयाची,
म्हणाली, मेलेल्या जागी भिंत पातळ होते,
ताणत जाते, जुन्या मोज्याच्या टाचेसारखी.
(हे मला कळलं.)
तिथे आम्ही नळीतून एक रस सोडतो.
जाताना पाण्यासारखा जातो,
तिथल्या कॅल्शियमने आळतो,
भिंतीला टेकू देतो
आणि काम झालं की विरघळून निघून जातो.
कशाचा करता?
कागद न बघताच म्हणाली,
समुद्रशेवाळाचा.
मला हसू फुटलं. त्या पांढऱ्या खोलीत,
इतकं, की नर्सने पाणी आणून दिलं.

पण ही चाचणी आहे.
निम्म्यांना शेवाळ, निम्म्यांना नुसतं मीठपाणी.
कुणाला काय, ते ट्रॉनहाइमच्या
कुठल्याशा कपाटात, बंद पाकिटात.
तुला माहीत नाही, मला नाही,
ओडलाउगलाही नाही.

रात्री मी तुझ्या छातीला कान लावते,
मग नाक.
साबण. मलम.
छत्तीस वर्षं जे उंबऱ्याबाहेर ठेवलं
ते आत शिरलं असेल, पार आत,
माझं तिथे घर आहे असं मी धरून चालले होते.
काळजात घर करणं म्हणतात
ते हे असं, भाडेकरूसारखं?
सहा आठवडे राहून, भिंत सावरून,
निरोप न घेता जाणं?
आणि नसेलच शिरलं, तर मीठपाणी.
म्हणजे कुठूनही बघ,
समुद्राचीच शिरजोरी.

काल तू जिना चढून आलास, मध्ये एकदाच थांबून.
"पाकीट उघडलं की कळवतील का गं?"
कळवतील.
"मग खिडकी उघडशील?"
मी बटाटे सोलत राहिले.

संध्याकाळी तुझे बूट आत आणले.
चार महिने बाहेर होते.
डाव्यात बर्फ साचलेला, उजव्यात
शेवाळाची एक पट्टी, चामड्यासारखी वाळलेली.
शेगडीजवळ ठेवले.
ऊब लागली तसा वास सुटला.
तू पेपरातून मान वर केलीस,
काही बोलला नाहीस.