दोन क्रेडिट

शनिवार, सकाळी साडेसात, खोली क्रमांक अकरा.
विषय लेखन. क्रेडिट दोन. सक्तीचा.
वाणिज्यवाले मागच्या बाकांवर, रसायनवाले खिडकीशी,
भूशास्त्राची चार मुलं हातोड्या दप्तरात घालून
तास सुटला की थेट वेताळ टेकडीवर जायच्या बेतात.
मी मराठीची. मला कुणी विचारलं नव्हतं.

म्हटलं, जर्नलं काढा.
सगळ्या जर्नलांत एकच माणूस लिहीत होता
आणि तो कुठेच नव्हता.
'द्रावण घेण्यात आले.' 'निरीक्षण करण्यात आले.'
'ताळेबंद जुळवण्यात आला.'
कुणी घेतलं? कुणी पाहिलं?
ताळेबंद जुळत नव्हता तेव्हा रात्रीचे किती वाजले होते?
शलाका बेंद्रे म्हणाली, मॅडम, मी मागच्या वर्षीच्या मुलीचं उतरवलंय,
तिनं तिच्या मागच्या वर्षीच्या.
म्हणजे हे वाक्य या कॉलेजात
माझ्याआधीपासून नोकरीला आहे.

निकेत धोत्रे वाघोलीहून येतो, दोन बस बदलून.
त्याच्या वहीत : 'बेसॉल्ट हा सूक्ष्मकणी, काळसर अग्निज खडक आहे.'
बरोबर.
आणि खाली, पेन्सिलीनं, पुसायचं राहून गेलेलं :
'आबा म्हणतात आधी टिचकी मारून ऐकायचं.
चांगला दगड वाजतो.
बद्द बोलला तर छिन्नी लावायची नाही, दिवस जातो.'

हे पेनानं लिही की, मी म्हटलं.
परचुरे सर अर्धा मार्क कापतात, तो म्हणाला.

परचुऱ्यांना गाठलं स्टाफरूममध्ये, चहावर साय धरेपर्यंत भांडलो.
'बाई, विज्ञानात आबा चालत नाहीत.'
'ऐकणं चालतं ना?'
'चालतं. पण मोजलंय का?'
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
सबंध जिना उतरेपर्यंत नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी निकेतनं दोन पानं आणली.
सदतीस दगड. वाजले एकोणतीस, बद्द आठ.
बद्दपैकी पाच आतून भेगाळलेले निघाले.
वर पहिलं वाक्य : 'मी आणि आबांनी ऐकले.'
आम्ही दोघांनी त्या 'मी'वर बराच वेळ घालवला,
'आम्ही' म्हणावं का, आबांचं पूर्ण नाव द्यावं का.
शेवटी दिलं. मारुती यल्लप्पा धोत्रे, पाथरवट, अनुभव चाळीस वर्षं.

पानं परत आली. अर्धा मार्क कापलेला होताच.
'ऐकले' खोडून वर 'ऐकण्यात आले.'
आबांचं नाव मात्र तसंच.
आणि तक्त्याशेजारी, समासात, लाल शाईत, बारीक :
'उरलेले तीन बद्द का वाजले?'
बावीस वर्षं मी ती शाई पाहते आहे.
तिला बरोबर येतं, चूक येतं, 'पुन्हा लिहा' येतं.
प्रश्नचिन्ह येतं हे मला माहीत नव्हतं.

निकेतनं लगेच काही लिहिलं नाही.
परत ते तीन बघावे लागतील म्हणाला,
टाकून दिले असतील तर पंचाईत आहे,
आणि तास सुटायच्या आधीच उठला.
हजेरी लावली मी. शनिवारी खाण चालू असते.