शिंगाडे

कार्तिकात बोडीचं पाणी जरा खाली बसलं
की भिवरा मेश्रामचा डोंगा काठाला लागायचा.
कुडवभर धान दे, कुडवभर शिंगाडे घे.
मी कोठीतलं धान चोरायचो.
आईला ठाऊक होतं,
टरफलं माझ्याच उशाखाली निघायची.

सातव्या वर्षी पहिला काटा अंगठ्यात मोडला.
भिवरा म्हणाली, "शिंगं धरून ओढू नोको,
बैल आहे का थो? पोटाकडून दाब."
अजून पोटाकडूनच दाबतो.
आत पांढरं, ओलं,
गाळाचा किंचित वास असलेलं,
आणि तो वास नसेल तर मी पैसे परत मागतो.

साकोलीच्या बाजारात उकडलेले मिळतात, काळेकुट्ट.
तेच खात खात पोरगी पाहायला गेलो.
सासऱ्यानं बोटांकडे बघून विचारलं,
"छापखान्यात कामाला आहात का जी?"
आतल्या खोलीत कुणीतरी फिसकन हसलं.

आता वरचे दात गेले.
ती सोलते, खलबत्त्यात ठेचते,
चिमूटभर मीठ घालून वाटी पुढे सरकवते.
मग एक अख्खा, कच्चा, स्वतः उचलते
आणि कुर्रकन् फोडते,
मुद्दाम
माझ्या कानाशी.