चौतीस ताटल्या

अलकापुरीत, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर
उन्मेष दिघेचं हॉटेल. हॉटेल म्हटलेलं त्याला चालत नाही.
लियाँत चार वर्षं, क्योतोत अडीच,
आणि मग परत बडोद्यात, जिथे वाइन देता येत नाही,
म्हणून उंच पेल्यात थंडगार हिरवा चहा,
दुसऱ्या खेपेला जांभळाचं काहीतरी,
तळाशी मीठ.

मला बोलावलं ते ताटल्यांसाठी.
मागच्या हिवाळ्यात छत्तीस नग घेतले त्याने,
जरा खोलगट हव्या म्हणाला, आणि रंग सांगितला:
'चूल विझल्यावर दुसऱ्या दिवशीचा.'
पैसे तीन हप्त्यांत. तिसरा या आमंत्रणासोबत आला.

जशुभाईंना घेऊन गेले.
एकोणीस वर्षं माती तेच तुडवतात, भट्टी तेच लावतात,
मी बुडाशी सही करते.
त्यांनी मुलीच्या लग्नातला सफारी घातला होता
आणि बाभळीच्या काट्याने नखं कोरली होती.
माती निघाली नव्हती.

पहिली ताटली आली.
मधोमध दुधीची एक चकती, नाण्याएवढी,
लोण्यात इतकी सावकाश शिजलेली
की आपण दुधी आहोत हे तिला आठवत नसावं.
वर तिळाची धूळ. बाजूला एक थेंब.
बाकी सगळी ताटली.

बाकी सगळी माझी ताटली!
आजवर माझ्या भांड्यांत लोकांनी भात वाढला, रस्सा ओतला,
वर पापड आडवे टाकले.
एवढी उघडी मी तिला कधी पाहिली नव्हती.
कडेचा तो लोखंडाचा ठिपका,
अंगठा जरा जास्त दाबला गेला तिथली खळी,
दिव्याखाली सगळं, तोंडी परीक्षेला बसवल्यासारखं.
जशुभाई हळूच म्हणाले, 'बेन, आ तो साव नागी छे.'

मग त्यांनी दुधी एका घासात संपवला
आणि ताटली उलटी केली.
बूड नीट घासलंय का, कुठे टोचत तर नाही.
नखाने कडेवर टिचकी.
टण्.
शेजारच्या टेबलावरचा वाढदिवस वळून बघायला लागला.
वाढणारा मुलगा धावत आला, काही चुकलं का, सर?
'ना,' जशुभाई म्हणाले. 'पाकी छे.'

चौथ्या खेपेला वाटी. आत काचेसारखं सूप.
मुलाने पाठ केलेलं म्हटलं:
पादऱ्याच्या तुरीचा मिसो, चौदा महिने बरणीत,
मग फ्रेंच पद्धतीने तीनदा गाळलेला.
घोट घेतला. आधी काहीच लागेना.
मग उशिरा, जिभेच्या पार मागे,
आमटी संपल्यावर पातेल्यात राहते ती चव.

मी जशुभाईंकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते.
कारण ग्लेझमधली राख
आम्ही पादऱ्याहूनच आणली होती,
बांधावर तुरकाट्या जाळून, तीन पोती,
परतताना टेम्पोभर शिंका.
उन्मेषला हे माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर उद्यापासून
तो मुलगा तेही पाठ म्हणायला लागला असता.

तुम्हाला वाटेल, बाहेर पडून
आम्ही थेट सेवउसळीच्या गाडीवर गेलो असू.
पोट भरलं होतं, कसं कुणास ठाऊक.
मला फक्त मोरी बघायची होती.

बुटक्या दाराआड कोकिळा भांडी घासत होती.
आमच्या ताटल्या वेगळ्या, लाकडी फळीवर उभ्या.
मोजल्या. चौतीस.
'एकीचा चुरा झाला,' ती म्हणाली. 'एक तडकली.
शेफ म्हणाले टाकून दे. मी घरी नेली, एम-सील लावलं.
आमचा मयूर तिच्यातच जेवतो.'

आता ती कशी दिसते, मी विचारणार होते.
जशुभाईंनी आधी विचारलं: डाळ गळते का?
साबणाचा हात तसाच कपाळाला लावत ती हसली,
'काठोकाठ वाढते मी. टिपूस नाही.'

जिना उतरताना जशुभाई म्हणाले,
जेवण सरस होतं.