चाळीस लाल कोट

खानापुरात, स्टेशन रोडवर,
माझ्या दुकानात एका पंधरवड्यात
चाळीस लाल कोट उभे राहिले.
कापड नंदगडच्या पेठेतलं, रंग कच्चा,
बटणं पितळेची म्हणून दाखवायची, असली पत्र्याची.
मॅनेजर म्हणाला, मास्तर, कॉलर ताठ ठेवा,
कंपनी सरकारचे शिपाई मान वाकवत नसत.

शूटिंग असोग्याला, मलप्रभेच्या खडकांवर.
गोष्ट एवढीच : किल्लेदाराची मुलगी,
तिला रानातून पोर्तुगिजांच्या हद्दीत
पोचवणारा वाटाड्या,
आणि मागावर पलटण.
प्रत्येक प्रसंग दोनदा.
माझे शिपाई सकाळी 'आई गं' म्हणून पडत,
जेवणानंतर 'अय्यो' म्हणून.
रक्त तेच, काकवीत कालवलेलं कुंकू.
मेलेल्यांना मुंग्या चावायच्या,
मेलेले हलायचे,
पुन्हा पहिल्यापासून लढाई.

नायिकेला पाण्याची भीती.
उडीसाठी आणली निंगव्वा,
गर्लगुंजीची, कौलांच्या भट्टीवर कामाला.
नायिकेचा घागरा तिच्या मापाचा करायचा होता.
खांदे दीड बोट रुंद,
अंगाला भाजक्या मातीचा वास.
टेप धरून मी आकडे विसरलो, परत मोजलं.
ती कन्नडात काही म्हणाली, मग मराठीत :
"मास्तर, पाण्यात घागरा वर येऊ नये
असं काय तरी करा की."
मी काठात शिसं शिवलं,
जाळ्याचं, गोळी गोळी करून.
रात्री मोजत पडलो,
एकवीस गोळ्या. जास्त तर नाहीत?

तिनं उडी घेतली.
वर आली नाही.

साहेब घड्याळ बघत होता.
मी खडकावरून ओरडलो, शिसं, शिसं,
कुणाला कळेना मी काय म्हणतोय.
मग मेलेले उठले.
ज्यांना वाटाड्यानं दोनदा मारलं होतं ते,
आणि वाटाड्याही,
बुटासकट, कोटासकट, सगळे पाण्यात.
कच्चा रंग सुटला, डोह लाल झाला.
कॅमेरा चालूच होता.
साहेबाला तो लाल फार आवडला.

ती निघाली खाली, शेरणीच्या झुडपापाशी, आपली आपण.
दातांनी काठ फाडला होता.
माझ्या तळहातावर ओली मूठ रिकामी केली,
"घ्या तुमचं."
साहेब म्हणाला, आता कन्नडातली.
"उडी काय बोलते काय?
तीच चिकटवा," म्हणाली,
आणि जळणापाशी केस सुकवत बसली.

अकरा कोटांचे पैसे आले नाहीत.
कोट आले, आकसून, गुलाबी होऊन.
भातात उभे केले लोकांनी,
गवे बुजतात म्हणे, एक-दोन रात्री.

सिनेमा खानापुरात तीन दिवस टिकला.
त्यात ती अडीच सेकंद आहे,
पाठमोरी.
सहाही खेळांना मी होतो.
शेवटच्या रात्री दारावरचा म्हणाला,
काय मास्तर, कोट बघायला होय?
व्हय म्हटलं.
कोट.