पाच-चाळीसची बोट

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, तिकीटखिडकीमागच्या खोलीत
माझं टेबल. हीटरवर कुणाचे तरी मोजे वाळत घातलेले,
आणि पडद्यावर बोटींचं वेळापत्रक,
सात वर्षांपूर्वी कुणी लिहिलं आणि नोकरी सोडून गेलं.
त्याला हात लावायचा नाही, असा नियम.
मी फक्त एक ओळ घालायची, स्क्रिप्टने,
वारा फिरेल तशी.

ओळ अशी जन्मते:
आधी एक रिकामा कप्पा मागायचा.
तो मिळतो, पण कुठेच नसतो.
मग त्यात शब्द भरायचे: आजची ५:४०ची बोट रद्द.
तरी कुणाला दिसत नाही.
मेमरीत अख्खं वाक्य उभं,
आणि बाहेर माणसं गाड्या घेऊन रांगेत.
शेवटी एक आई शोधायची, नावाने हाक मारून,
आणि तिच्या ओटीत घालायचं.
तेव्हा कुठे उजेड.

गेल्या फेब्रुवारीत घातलं,
पण सगळ्यांच्या शेवटी घातलं.
बाविसाव्या ओळीखाली, सणाच्या दिवसांच्या टीपेच्याही खाली.
तुम्मसने फोनवर पान उघडलं, वरच्या तीन ओळी वाचल्या,
आपण सगळेच वाचतो तशा,
आणि मागच्या सीटवर आजारी मेंढी घेऊन
पावणेआठपर्यंत धक्क्यावर बसून राहिला.
इंजिन चालू, काचांवर वाफ.
मेंढी जगली.
मी खिडकीतून ती गाडी बघितली आणि मला कळलं
माझी ओळ कुठे पडलीय.

माझे वडील, हाल्वदान, याच धक्क्यावर दोर झेलायचे.
वादळ आलं की डांबराने काळी केलेली फळी काढायचे,
खडूने एकच शब्द,
आणि छापील वेळापत्रकाच्या डोक्यावर टांगायचे.
"खाली वाकून कोण वाचतं, सोल्वा?"
एवढंच माझं शिक्षण,
तेही मी विसरले होते.

आता आधी पहिलं मूल शोधते
आणि नवी ओळ त्याच्याआधी ठेवते.
थोरला कुरकुर न करता सरकतो,
त्याच्यामागे सगळं घर एकेक पायरी खाली.

कप्तानाचा निरोप आला तर तो शब्द म्हणूनच घालते.
एकदा त्याने घाईत टोकदार कंसात काहीतरी लिहिलं,
पानाने ते हुकूम समजून
खालच्या साऱ्या बोटी तिरक्या केल्या.
तो हसला. मी नाही.

रात्री वारा पडतो.
मी ओळ काढून घेते; सगळे परत वर सरकतात,
मध्ये फटसुद्धा राहत नाही.
पानाचा मूळ मजकूर उघडून बघा,
तिथे ती कधीच नव्हती.

वडिलांच्या उजव्या बाहीवर मात्र
बाराही महिने खडू असायचा.
आई धुवायची, वैतागायची,
आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच.